हसऱ्या अक्षराची जागा

२०१३ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पदत्याग केला, तेव्हा व्हॅटिकनने त्यांच्या कारकिर्दीचा एक छायाचित्र-संग्रह संगणकावर प्रसिद्ध केला. छायाचित्रे उत्तम होती. परंतु सोबतचा मजकूर ‘कॉमिक सॅन्स’ या अक्षरवळणात होता आणि त्याची जगभर थट्टा झाली. आम्हीही हसलो. पुढे वाटले, हसण्यापूर्वी या अक्षराचे कूळ पाहायला हवे होते.

१९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कोनेअर या अक्षररचनाकाराने ते घडविले. ‘बॉब’ नावाच्या घरगुती संगणक-कार्यक्रमात एक चित्रातला कुत्रा वापरणाऱ्याला सूचना देई. पण त्याच्या तोंडच्या फुग्यातला मजकूर ‘टाइम्स न्यू रोमन’ या वृत्तपत्री अक्षरात होता. कोनेअर यांना ही विसंगती खटकली. त्यांनी चित्रकथांची पुस्तके समोर ठेवून गोल टोकांची, किंचित डुलणारी अक्षरे काढली. गंमत अशी, की ती ‘बॉब’च्या फुग्यात मावलीच नाहीत! विंडोज ९५ च्या काळात मात्र ती घरोघरी पोहोचली आणि लग्नपत्रिकेपासून धोक्याच्या पाटीपर्यंत कोठेही बसू लागली.

आमच्या मते दोष अक्षराचा नाही. बोलक्या फुग्यात, बालवाडीच्या भिंतीवर ते शोभते. त्यातील ‘ए’ मुले पाटीवर गिरवतात तसाच आहे. वाचनाची अडचण असलेल्यांसाठी ब्रिटनमधील डिस्लेक्सिया असोसिएशननेही ते सुचविले आहे. २०१२ साली ‘सर्न’मध्ये फाबिओला जानोत्ती यांनी हिग्ज कणाची वार्ता याच अक्षरात पडद्यावर मांडली. तेथे ते आम्हाला खटकत नाही, कारण ती एका व्यक्तीने उभे राहून सांगितलेली गोष्ट होती.

पण हस्ताक्षराचे सोंग घेतलेल्या अक्षराला एक मर्यादा आहे. हात एकच अक्षर दोनदा सारखे काढत नाही. यंत्र मात्र तोच डुलणारा झोक शंभरदा जसाच्या तसा उमटविते. नागरीत हे अधिक जाणवते. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘कलम’ हे बोरूच्या नव्हे, साध्या पेनाच्या लिखाणाला जवळचे वळण आम्हाला आवडते. चार ओळींच्या निमंत्रणाला ते छान दिसते. तरीही लिहिणाऱ्याची शिरोरेषा कधी वर चढते, कधी मध्येच तुटते. छापील शिरोरेषा प्रत्येक शब्दावर एकाच पातळीत धावते.

आमच्या मातोश्रींच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या मिस्साबलिदानाची पत्रिका छापायला दिली, तेव्हा छापखान्याने ‘आपुलकी वाटावी’ म्हणून असेच हसरे अक्षर वापरले. कच्ची प्रत हाती आली आणि घरात कोणी काही बोलेना. ते अक्षर कोणाचेच नव्हते. अखेर त्यांच्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलेल्या नावाचे छायाचित्र घेऊन तेच पत्रिकेवर घातले. बाकीचा मजकूर साध्या छापील अक्षरात ठेवला. त्या नावातला ‘र’ वाकडा आहे, आणि शिरोरेषा शेवटल्या अक्षरापर्यंत पोहोचलेलीच नाही.