कमी पल्ला, जास्त उजेड : सोनी आरएक्स१०० मार्क ३

सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ हातात आला की आधी लेन्सच्या पुढच्या कड्यावर छापलेली ओळ वाचावी : १.८–२.८/८.८–२५.७. पहिली जोडी लेन्स किती उघडते ते सांगते, दुसरी तिची फोकल लांबी मिलिमीटरमध्ये. २०१२ च्या पहिल्या आरएक्स१०० वर हीच ओळ १.८–४.९/१०.४–३७.१ अशी होती. फुल फ्रेमच्या हिशेबात तो २८ ते १०० चा झूम. २०१४ च्या या तिसऱ्या आवृत्तीत तो २४ ते ७० वर आला. म्हणजे लांबचं जवळ आणायची ताकद सोनीने आपणहून कमी केली. दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक ‘झूम किती?’ हेच आधी विचारतं, अशा बाजारात हा निर्णय घ्यायला छाती लागते. या कॅमेऱ्यात जे जे मला मोलाचं वाटतं, ते बहुतेक या निर्णयाच्या पोटातून आलेलं आहे.

पल्ला देऊन मिळाला उजेड. जुन्या लेन्सच्या लांबच्या टोकाला एफ ४.९ मिळायचं, इथे एफ २.८ मिळतं, म्हणजे सुमारे तिप्पट प्रकाश. दिवेलागणीला ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजीचा चेहरा ७० वर टिपायचा झाला, तर जिथे जुन्याला आयएसओ बराच वर न्यावा लागला असता, तिथे याचं सोळाशेवर भागतं. त्याला साथ १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच्या सेन्सरची. त्या काळच्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरपेक्षा हा क्षेत्रफळाने चौपट. त्यामुळे गालावरच्या सुरकुत्या पुसल्या जात नाहीत आणि सुपातला दाणा न् दाणा वेगळा राहतो. मागची खिडकी धूसर होते, पण तिचे गज ओळखू येतात. मोबाइल गणित करून पार्श्वभूमी विरघळवतो आणि पुष्कळदा कपाळावरच्या सुट्या केसांपाशी चुकतो. इथे धूसरपणा लेन्समधूनच येतो. तो सौम्य असतो, पण खरा असतो. माणूस कुठल्या घरात बसलाय हे फोटोत कळायला हवं, असं मानणाऱ्याला तो पुरेसा वाटेल. मला वाटतो.

व्हिडिओकडे वळलं की आणखी एक दडलेली गोष्ट समोर येते. लेन्सच्या आत एनडी फिल्टर आहे, म्हणजे काळसर काच. मेन्यूतून चालू केला की तो तीन स्टॉप उजेड कापतो. व्हिडिओत हालचाल ओघवती दिसायला ५० फ्रेमला शटर १/५० किंवा १/१०० च्या आसपास हवा. आपल्याकडची वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातल्या दिव्यांची फडफडही या वेगांवर टळते. पण भर दुपारच्या उन्हात १/५० ठेवलं आणि लेन्स एफ ११ पर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त, मिटली, तरी चित्र सव्वादोन स्टॉपने पांढरं फटक पडतं. एनडी लावला की तेच चित्र जागेवर येतं. मोठ्या कॅमेऱ्याला याच कामासाठी वेगळी काच विकत घेऊन लेन्सवर फिरकीने बसवावी लागते. इथे ती आत बसवूनच दिलेली आहे. फोटो काढतानाही तिचा उपयोग होतो, कारण शटर १/२००० च्या पुढे जात नाही आणि उन्हात एफ १.८ वापरायचं तर उजेड कुठेतरी कापावाच लागतो.

त्याच शटरचा एक गुण सहसा कुणी सांगत नाही. तो लेन्समध्येच असल्यामुळे १/२००० ला सुद्धा फ्लॅश जुळतो. डोक्यावर ऊन, टोपीखाली काळवंडलेला चेहरा, अशा वेळी हा चिमुकला फ्लॅश खरंच कामाला येतो. घरात तोच बोटाने मागे रेलून धरला की उजेड छतावरून मऊ होऊन खाली उतरतो.

व्ह्यूफाइंडर हा तर कारागिरीचा नमुना. डावीकडची कळ खाली ओढली की तो टपकन वर येतो आणि कॅमेरा चालू होतो. मग त्याचा डोळा चिमटीत धरून आपल्याकडे ओढायचा. ही दुसरी हालचाल विसरली तर सगळं अंधुक दिसतं. पडदा १४ लाख ४० हजार ठिपक्यांचा. उन्हात मागचा स्क्रीन दिसेनासा होतो, तेव्हा याची किंमत कळते. एवढं सगळं भरूनही जाडी पहिल्या आवृत्तीच्या ३५.९ वरून ४१ मिलिमीटरवर गेली आणि वजन २४० वरून २९० ग्रॅमवर.

हाताला मात्र तो गुळगुळीत लागतो. पुढे पकडायला काही नाही, म्हणून मनगटाची दोरी लावल्याशिवाय वापरू नये. लेन्सभोवतीचं कडं न अडखळता फिरतं : फोकस करताना छान, पण अ‍ॅपर्चर बदलताना किती सरकलं ते बोटाला कळत नाही.

खरी उणीव आवाजात आहे. बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही. वर दोन बारीक माइक आहेत. किनाऱ्यावर किंवा गडाच्या माथ्यावर वारा सुटला की शब्द हरवतात. स्क्रीन वर उलटून आपल्याकडे बघतो, म्हणून कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्यांना हा आपला वाटतो. पण चालत बोलायचं तर थरथर घालवणारी सोय चौकट आवळते आणि चेहरा अंगावर येतो. समोरून कुणी चालत आलं की ऑटोफोकसही चाचपडतो. फोरके नाही याचं मला दुःख नाही. ५० एमबीपीएसचा फुल एचडी व्हिडिओ मोबाइलवर बघणाऱ्याला पोटभर आहे. माइक नसणं मात्र अक्षम्य.

२४–७० आणि एफ १.८–२.८ ही जोडी सोनीने मार्क ४, मार्क ५ आणि २०२० च्या झेडव्ही-१ मध्ये कायम ठेवली. मार्क ६ आणि ७ मध्ये झूम २०० पर्यंत गेला, उजेड एफ २.८–४.५ वर उतरला आणि एनडी फिल्टर गेला. म्हणून माझा कौल सरळ आहे. ज्याला बोलायचंय त्याने झेडव्ही-१ घ्यावा. त्यात माइकची सोय आहे, व्ह्यूफाइंडर नाही. ज्याला आधी बघायचंय आणि अधूनमधून चित्रित करायचंय, त्याच्यासाठी मार्क ३ आजही उत्तम. जुना घेणार असाल तर एफ ११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके दिसतात का ते नक्की पाहा. लेन्स निघत नसल्यामुळे आत गेलेली धूळ घरी साफ होत नाही.