रात्र शिकताना : ब्रासाईच्या ‘पारी द न्वी’विषयी

रस्त्यावरचे छायाचित्रण शिकविणारी पुस्तके बहुधा यंत्रापासून सुरू होतात आणि यंत्रापाशीच संपतात. भिंगाचे छिद्र किती उघडावे, अंधारात हात हलू नये म्हणून कोपर कशाला टेकावे, दिव्याची तिरीप कशी टाळावी, याचे धडे त्यांत असतात. ते उपयोगीही असतात. परंतु रात्रीचे शहर चित्रात आणू पाहणाऱ्याला ज्या एका पुस्तकाकडून सर्वांत अधिक शिकता येते, त्यात अशी एकही सूचना नाही. ते पुस्तक म्हणजे ब्रासाईचे ‘पारी द न्वी’, अर्थात ‘रात्रीचे पॅरिस’. १९३२ च्या अखेरीस ते बाहेर पडले. साठएक छायाचित्रे, पॉल मोराँ या तेव्हाच्या नामांकित लेखकाचा मजकूर, वहीसारखी तारेची बांधणी, आणि कोठेही समास न सोडता पानाच्या कडेपर्यंत पसरलेला दाट काळा रंग. मोराँचा मजकूर आज कोणी आवर्जून वाचील असे वाटत नाही. छायाचित्रे मात्र नव्वद वर्षांनंतरही नव्या छायाचित्रकारांच्या डोळ्यांत घर करून बसली आहेत.

नेमके हे घर करून बसणेच मला थोडे संशयास्पद वाटू लागले आहे. आपल्याकडील हौशी मंडळींची रात्रीची छायाचित्रे पाहावीत. पावसाने चकाकणारा रस्ता, धुक्यातला एकटा दिवा, पाठमोरी छत्री, भिंतीवर लांबलेली सावली. चित्रे सफाईदार असतात, पण ती इंदूरची, बडोद्याची की हैदराबादची हे खालच्या ओळीवरूनच कळते. ब्रासाईकडून जे सहज उचलता येण्याजोगे होते ते उचलले गेले; जे उचलायला वेळ लागतो ते तसेच राहिले. ते काय होते, हे पाहण्यासाठी त्या चित्रांमागील कामाची रीत पाहिली पाहिजे.

ब्रासाई हे त्याचे मूळ नाव नव्हे. ग्युला हालास हा १८९९ साली ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राश्शो या गावी जन्मला. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते रुमानियात गेले. गाव जागचे हलले नाही, राज्य बदलले. बेळगावकडील वाचकांस याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. बुडापेस्ट आणि बर्लिन येथे चित्रकलेचे शिक्षण घेऊन हा तरुण १९२४ साली पॅरिसला आला आणि पुढे छायाचित्रांखाली जन्मगावाचे नाव घालू लागला. ब्रासाई म्हणजे ब्राश्शोचा. आपल्या वळणाने म्हणायचे तर ‘ब्राश्शोकर’. ज्यांच्या आडनावातील गाव चार-चार पिढ्यांत कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही, अशा आपल्या घरांना या नावाचे नवल वाटू नये.

पॅरिसला आल्यावर त्याने लगेच कॅमेरा हाती घेतला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९२९ च्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, तो या शहरात रात्रीमागून रात्री नुसता हिंडत होता. दिवसा झोपावे, संध्याकाळी उठावे, वृत्तपत्रांसाठी लेख लिहून पोट भरावे, आणि पहाटेपर्यंत चालावे. सोबत कधी लेआँ-पॉल फार्गसारखा कवी, पुढे कधी हेन्री मिलरसारखा कादंबरीकार. छायाचित्रण ही कला त्याला आरंभी विशेष आदराची वाटत नसे. आन्द्रे केर्तेस या दुसऱ्या हंगेरियन मित्राने रात्रीही छायाचित्र घेता येते हे दाखविल्यावर त्याचे मन वळले. म्हणजे कोणत्या पुलाखाली कोण झोपते, भाजीच्या घाऊक बाजारात पहिली गाडी कधी लागते, कोणत्या कोपऱ्यावरचा दिवा झाडाच्या बुंध्याआड येतो, हे सारे ठाऊक झाल्यावर कॅमेरा आला. आपल्याकडील शिकणारा हा क्रम उलटा करतो: आधी कॅमेरा घेतो आणि मग त्याला काय दाखवावे याचा शोध घेत गावभर फिरतो.

कॅमेराही त्याने निवडला तो त्या काळच्या मानाने जुन्या वळणाचा. लायका हा खिशात मावणारा कॅमेरा १९२५ पासून बाजारात होता. ब्रासाईने घेतला फोइग्टलेंडर कंपनीचा, काचेच्या प्लेटा लागणारा, तिपाईवर बसवायचा. त्या वेळच्या प्लेटा मंद होत्या. गॅसच्या दिव्याखालच्या रस्त्याचे चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. हा वेळ तो सिगारेटवर मोजी: अमुक प्रकाशाला एक गोल्वाझ, त्याहून अंधार असेल तर अधिक जाड बोयार. हा किस्सा गंमत म्हणून सर्वत्र सांगितला जातो. पण सिगारेट संपेपर्यंत माणूस तिपाईशेजारी उभा आहे, याचा अर्थ काय होतो तेही पाहावे. जो चालत जातो तो चित्रातून पुसला जातो. मोटारीच्या दिव्यांची फक्त रेघ उरते. राहते ती थांबलेली वस्तू आणि थांबलेला माणूस. शिवाय हे सारे होईपर्यंत गल्लीत सर्वांना कळलेले असते की येथे एक गृहस्थ चित्र घेत आहे. पोलीस विचारतो, वेश्या विचारते, दारुडा येऊन भिंगात डोकावतो. आतल्या खोल्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत तो मॅग्नेशियमची पूड पेटवून प्रकाश करी. तिचा स्फोट आणि धूर असा की दुसरे चित्र लपून घेण्याचा प्रश्नच नव्हता. याच कारणाने पिकासो त्याला थट्टेने ‘दहशतवादी’ म्हणत असे.

१९३२ सालीच, त्याच पॅरिसमध्ये, कार्तिए-ब्रेसाँने साँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस लायकाने टिपला. त्याच्या १९५२ च्या पुस्तकाचे फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे आहे. परवान्याशिवाय फुटपाथवर माल मांडणारा आणि शिपाई दिसताच गाठोडे उचलून पळणारा फेरीवाला जसा धंदा करतो, ती ‘आ ला सोव्हेत’. इंग्रजीत हे पुस्तक ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाच्या भारदस्त नावाने गेले आणि रस्त्यावरील छायाचित्रणाचा तोच एक धर्म ठरला. त्या रीतीची थोरवी मी नाकारीत नाही. पण दिवसाउजेडी शोभणारी ती चपळाई रात्रीच्या गल्लीत नेली की तिचा रंग पालटतो. अंधारात, न सांगता, पळता पळता घेतलेले दुसऱ्याचे चित्र हे पुष्कळदा चोरीच्या जवळ जाते.

येथे एक आक्षेप येणारच. ब्रासाईची माणसे थांबलेली आहेत, म्हणजेच ती उभी केलेली आहेत. मग यात रस्त्याचे सत्य कोठे राहिले? आक्षेप खोटा नाही. ‘थोरल्या आल्बेर’च्या टोळीतील दोन गुंड भिंतीच्या कडेआडून डोकावतात, ते प्रसिद्ध चित्र पाहावे. टोप्यांखालचे ते दोन चेहरे छायाचित्रकाराकडेच पाहत आहेत आणि आपण कसे दिसतो याची त्यांना पुरेपूर जाणीव आहे. काही चित्रांत तर ब्रासाईचे मित्रच गिऱ्हाईक बनून उभे आहेत. लंडनचा बिल ब्रँट याबाबतीत त्याच्याही पुढे गेला. ब्रासाईचे पुस्तक समोर ठेवून त्याने १९३८ साली ‘अ नाइट इन लंडन’ केले. त्यात त्याची पत्नी, भाऊ, भावजय निरनिराळ्या वेषांत दिसतात, आणि काही ‘रात्री’ तर दिवसा घेऊन गडद छापलेल्या आहेत. हे पुस्तक मला नेहमी नाटकासारखे वाटले: देखणे, आणि थोडे थंड.

परंतु मांडणी केली म्हणून चित्र खोटे ठरते, हे मला मान्य नाही. ती मांडणी कोणाला ठाऊक होती, हे विचारले पाहिजे. न्यूयॉर्कचा वीजी, म्हणजे आर्थर फेलिग, याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. पोलिसांच्या बिनतारी संदेशांवर कान ठेवून तो खुनाच्या जागी पोहोचे. १९४५ चे ‘नेकेड सिटी’ हे त्याचे पुस्तक गाजले. ‘द क्रिटिक’ या त्याच्या १९४३ च्या चित्रात हिऱ्यांनी मढलेल्या दोन धनिक स्त्रिया ऑपेरागृहात शिरत आहेत आणि बाजूला उभी असलेली एक फाटकी बाई त्यांच्याकडे तिरस्काराने पाहत आहे. मागाहून त्याच्या सहायकाने सांगितले की या बाईला एका गुत्त्यातून आणून, दारू पाजून तेथे उभे केले होते. ब्रासाईचे गुंड मांडणीत सामील होते, ब्रँटची घरची माणसेही होती. या बाईला मात्र आपण कशात उभ्या आहोत हे कळतही नसेल. हेच चित्र विषमतेवरील भाष्य म्हणून नावाजले जाते, यातील विनोद कडवट आहे.

म्हणून ब्रासाई निर्दोष ठरतो असे नाही. ‘मोम बिजू’ हे त्याचे चित्र पाहावे. मोंमार्त्रच्या एका मद्यगृहात खोट्या मोत्यांनी आणि अंगठ्यांनी लगडलेली वृद्धा बसली आहे. चेहऱ्यावर रंगाचे थर आहेत, आणि त्याआड कधीकाळच्या ऐश्वर्याची एक ताठ नजर आहे. पुस्तक निघाले, आणि त्यातील आपल्याविषयीचा मजकूर कळल्यावर बाई संतापून प्रकाशकाकडे गेली. शेवटी पैसे देऊन तिची समजूत घालावी लागली. ही हकीकत पुढे ब्रासाईनेच सांगितली आहे. पण छायाचित्राला कोणत्या ओळींची सोबत मिळते, ही जबाबदारीही त्याची होतीच. ती त्याने मोराँवर सोडली. कुंटणखान्यातील चित्रांबद्दलही मनात किंतु राहतो. तेथे संमती होती; पण ती मालकिणीची किती आणि त्या मुलींची किती, हे चित्र सांगत नाही.

त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या जगातील सर्वांत उघडीवाघडी चित्रे त्याने १९३२ मध्ये पुस्तकात घातली नाहीत; त्या काळी ती छापणे शक्यही नव्हते. त्यांचे पुस्तक, ‘तिशीतले गुप्त पॅरिस’, १९७६ साली निघाले. तोवर ते कुंटणखाने १९४६ च्या कायद्याने बंद झाले होते आणि भाजीचा बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर गेला होता. त्या पुस्तकात त्याने स्वतःच लिहिलेला मजकूर मोराँच्या मजकुराहून शतपट चांगला आहे, कारण त्यात तो त्या माणसांच्या नावांनिशी, खोड्यांनिशी, स्वतःच्या भीतीसह बोलतो.

आजच्या शिकणाऱ्याला यातील कोणतीच अडचण उरलेली नाही. २०१८ नंतरच्या मोबाइल फोनांत अंधारातली अनेक चित्रे क्षणात एकावर एक रचून उजळ चित्र देण्याची सोय आली. सिगारेट जाळावी लागत नाही, तिपाई नको, धूर नको. म्हणजे जे थांबणे ब्रासाईवर यंत्राने लादले होते ते आता कोणी लादणार नाही. ते स्वतःहून पत्करावे लागेल. शिकवणाऱ्यांनी छिद्र आणि वेग शिकविण्याआधी हे सांगावे, असे माझे मत आहे.

इंदूरच्या सराफ्याचे उदाहरण घेऊ. सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबी यांचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी असते. त्याची चित्रे अगणित निघतात: उकळते तूप, वाफ, दिव्यांच्या माळा. सारी गर्दीच्या वेळची. ठेला मांडण्यापूर्वी बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला कारागीर, किंवा शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर कढई घासायला घेणारा पोरगा, यांची चित्रे मला फारशी दिसली नाहीत. ती हवी असतील तर महिनाभर कॅमेरा पिशवीत ठेवून तेथे कीस खात बसावे लागेल, आणि त्या पोराने ‘काका, आज फोटो नाही काढत?’ असे विचारीपर्यंत वाट पाहावी लागेल.