पदकाच्या पुढचा खेळ

स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, म्हणजे हिमायतनगरहून पाहिले तर जागतिक स्पर्धा रंगते त्या शेफील्डपेक्षा पुष्कळच जवळ. पण मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरच्या या तालुक्याच्या गावात मुलांना ठाऊक असतो तो कॅरम. बारा फूट बाय सहा फुटांचे, दगडी पाट्यांवर लोकरी कापड ताणलेले, टनाहून जड टेबल इथे कोण आणून ठेवणार?

महाराष्ट्रात हा खेळ वाढला तो जिमखान्यांत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले; वैयक्तिक खेळात असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मागून मुंबईचे मायकेल फरेरा आले. यासिन मर्चंट यांनी 1989 मध्ये आशियाई स्नूकर जिंकले. नावे मोठीच आहेत. मात्र आपले कौतुक पदकापाशी थांबते आणि व्यावसायिकाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

मुंबईच्या आदित्य मेहताचेच पाहा. 2013 मध्ये त्याने कोलंबियात वर्ल्ड गेम्सचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये तो अंतिम फेरीत पोचला. क्रमवारीच्या स्पर्धेत इथवर आलेला तो पहिला भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईने त्याला 5-0 असे सरळ हरवले. पुढच्या वर्षी जर्मनीत त्याने 147 चा ब्रेक केला: पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, शेवटी सहाही रंग. तरीही व्यावसायिक दौऱ्यावर त्याला कायमचे बस्तान बसवता आले नाही.

कारण दौऱ्याचा हिशेब निर्दयी आहे. दौऱ्यावर खेळू देणारे कार्ड दोन वर्षांचे. क्रमवारीत पहिल्या 64 मध्ये नाव नसेल, तर बहुतेकांना पुन्हा पात्रता फेरी. क्रमवारी ठरते बक्षिसाच्या पैशांवर, त्यामुळे लवकर हरणाऱ्याचे गुणही जातात आणि विमानभाडेही. वर बहुतेक सगळे सरावाचे जग इंग्लंडमध्ये. पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी 2013 च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि पुढच्याच वर्षी दौरा सोडून मोकळा झाला. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही हवे असणाऱ्याने दुसरे काय करावे? त्याला पळपुटा म्हणणाऱ्यांना हा हिशेब कोणी तरी समजावून सांगायला हवा.

खेळाच्या अंगानेही आपली बाजू लंगडी वाटते. चेंडू खिशात धाडणारा पॉट आपल्याला आवडतो, टाळ्या त्यालाच पडतात. पांढरा चेंडू बॉल्क कुशनला चिकटवून प्रतिस्पर्ध्याला दहा मिनिटे ताटकळत ठेवणारी सेफ्टी कंटाळवाणी वाटते. पण तीच फ्रेम वाचवते. ती शिकायची तर रोज आपल्याहून सरस माणसासमोर बसावे लागते आणि तशी माणसे मुंबईतही मोजकीच. मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा 2024 च्या इंग्लिश ओपनमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचला. त्याच्याकडून मी पुढचे पदक मागणार नाही. तो सलग पाच हंगाम कार्ड टिकवतो का, एवढेच पाहणार आहे.