मंडळी तीच, लेखक कोण?

धान घरात आले की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम सुरू होतो. भाऊबीजेनंतर मंडई भरते, पुढे शंकरपट लागतात, आणि वडशाच्या नाटकमंडळ्या चंद्रपूर-गडचिरोलीची गावे रात्र रात्र जागवतात. लोक विचारतात, "मंडळी कोणती? नट कोण?" लेखक कोण, असे विचारणारा मला क्वचितच भेटला. मीही एकदा नाटक लिहून पाहिले आहे. मंडळीने दुसऱ्या अंकात मी न लिहिलेला एक विनोदी प्रवेश घुसडला. आणि सांगायला संकोच वाटतो, पण सबंध रात्रीत लोक मनापासून हसले ते त्यालाच! जिथे नट, पडदे, प्रेक्षक, सारेच आधी ठरलेले, तिथे लेखकाचे म्हणून काय उरते, हा प्रश्न तेव्हापासून मला छळतो आहे.

उत्तराचा धागा सापडला तो भलतीकडेच. सुटीत आलेल्या भाच्याने मोबाइलवर 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानमालिका दाखवली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. अडलो तिथे त्याने सांगितले. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले. नायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा; पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून तो काळातून हिंडतो. १९६६ मध्ये मूळचे नट विल्यम हार्टनेल यांना प्रकृती साथ देईना, तेव्हा नायकाचा देहच पालटतो अशी युक्ती निघाली. नट गेला तरी खेळ उभाच! अशी मालिका नटाची कशी म्हणावी?

टेरी नेशन या लेखकाने पहिल्याच वर्षी 'डालेक' नावाचे, लोखंडी कवचातले दुष्ट जीव आणले आणि मालिका घरोघर पोहोचली. पण मला नेशनपेक्षा रॉबर्ट होम्स मोठा वाटतो. नेशनने मालिकेला राक्षस दिला, होम्सने तिला माणसे दिली. १९७७ च्या 'द सन मेकर्स'मध्ये दूरच्या प्लूटो ग्रहावर एक गरीब कामगार बापाच्या मरणाचा कर भरता येत नाही म्हणून जीव द्यायला निघतो. आता हे विज्ञान म्हणावे की तलाठ्याच्या कचेरीतली गोष्ट!

याच होम्सने १९७६ च्या 'द डेडली असॅसिन'मध्ये डॉक्टरच्या ज्ञातिबांधवांना बाराच वेळा देह पालटता येतो, असे लिहून ठेवले. एका कथेची गरज म्हणून आलेली ही ओळ. पण ती पुढच्या सर्वांच्या मानगुटीवर बसली. होम्स १९८६ मध्ये वारला. १९८९ मध्ये मालिका थांबली, २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली, तरी ती बारांची मोजणी काही सुटेना. अखेर २०१३ च्या नाताळात स्टीव्हन मॉफट यांना डॉक्टरसाठी नव्या जन्मांचे दान मागून आणणारी कथा रचावी लागली. सदतीस वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचे हे देणे! कुणाच्या घराण्यात आजोबांचा शब्दही इतका पाळला गेला नसेल.

आणि मग विनय पटेल. त्यांची 'डीमन्स ऑफ द पंजाब' ही कथा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी दाखवली गेली. काळ १९४७ च्या ऑगस्टचा, स्थळ फाळणीची रेघ जिथून जाते ते शेत. उमब्रीन मुसलमान, प्रेम हिंदू. दोघांचे लग्न व्हायचे आहे. झाडीत दोन भेसूर परग्रहवासी दिसतात, आणि मालिकेच्या रिवाजाप्रमाणे आपण धरून चालतो की खुनी हेच. पण ते कधीकाळचे मारेकरी आता व्रतस्थ झाले आहेत. एकाकी मरणाऱ्याच्या शेवटच्या क्षणी कुणीतरी जवळ असावे, एवढ्यासाठीच ते हिंडतात. प्रेमवर चालून येणाऱ्या टोळीत असतो त्याचा सख्खा धाकटा भाऊ. डॉक्टरला काही करता येत नाही. ती पाठ फिरवून चालू लागते. (यावेळी डॉक्टर बाईच्या रूपात आहे.)

पटेल यांनी मालिकेचा एकही नियम मोडलेला नाही. निळे खोके आहे, परग्रहवासी आहेत, सोबती आहेत. फक्त राक्षसाची जागा त्यांनी बदलली, आणि पंचावन्न वर्षांच्या सवयीने परग्रहवासीयांकडे बोट दाखवणारे आपले हात खाली आले. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, त्या भावाला कुणी शिकवलं असेल हे?"

मला उत्तर सुचले नाही. मात्र माझ्या नाटकातला तो घुसडलेला प्रवेश आठवला. तो कुणाच्या डोक्यातून निघाला, हे रागाच्या भरात मी मंडळीत विचारलेच नव्हते. यंदा मंडईला त्यांचा तंबू पडला की विचारणार आहे.