लाकूड खरंच वाजतं का? एका गाजलेल्या प्रयोगाची तपासणी



आज शोधनिबंधाऐवजी एका यूट्यूब व्हिडिओची समीक्षा करतोय. नॅशव्हिलचे गिटारवादक जिम लिल यांनी काही वर्षांपूर्वी एक साधा प्रश्न घेतला: इलेक्ट्रिक गिटारचा आवाज नेमका कुठून येतो? बॉडी, नेक, पिकअप असे सुटे भाग आणून स्वतःची गिटार जुळवणाऱ्यांसाठी हा पैशांचा प्रश्न आहे. महोगनी घ्यायची की अ‍ॅश, फ्रेटबोर्ड शिसवाचा की मेपलचा, यात बजेटचा मोठा भाग जातो.

प्रयोग काय आहे?

लिल एकेक भाग बदलत जातात आणि प्रत्येक वेळी वाजवून ऐकवतात. शेवटी तर बॉडी आणि नेक दोन्ही काढून टाकतात. दोन आधारांमध्ये तारा ताणायच्या, खाली पिकअप ठेवायचा, बस्स. आवाज त्यांच्या महागड्या गिटारच्या अगदी जवळ जातो! ऐकणारा म्हणतो, "संपलं, लाकडाचा काही संबंध नाही."

आधी चांगलं काय ते बघू. एका वेळी एकच चल बदलणं ही शिस्त आपल्यापैकी अनेकांच्या प्रकल्पातही नसते. दुसरं म्हणजे, निकाल भौतिकशास्त्राशी जुळतो. चुंबकीय पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. पोलादी तार चुंबकासमोर हलली की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. त्यामुळे पिकअपची जागा फार महत्त्वाची. खुल्या तारेच्या बरोबर एक चतुर्थांश लांबीवर पिकअप बसवला, तर तिथे चौथ्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू येतो आणि तो स्वरांश जवळजवळ गायब होतो. पिकअप तारेपासून किती खाली आहे, यानेही फरक पडतो. म्हणजे दोन गिटारींची तुलना करताना या गोष्टी जुळवल्या नाहीत, तर तुम्ही लाकूड नाही, स्क्रू मोजताय.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण: वाजवणाऱ्याला कोणती गिटार हातात आहे ते माहीत आहे, आणि ऐकणाऱ्यालाही. अंध चाचणी नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. "मला फरक ऐकू आला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं असेल, तर किती लहान फरक तुमची पद्धत पकडू शकते हे आधी सांगावं लागतं. इथे कॉम्प्रेस झालेला ऑडिओ, थोडेसे तुकडे आणि आपला कान एवढंच साधन आहे.

तिसरी: काय मोजायचं? बहुतेक लोक स्वराचा रंग ऐकतात. पण लाकडाचा परिणाम असलाच, तर तो स्वर किती वेळ टिकतो यात दिसण्याची शक्यता जास्त. पाते, ल कारू आणि फाब्र या फ्रेंच संशोधकांनी 2014 मध्ये नेमकं हेच तपासलं. तारेची ऊर्जा नेकमध्ये शिरली की ती वारंवारता लवकर विझते. नेकची यांत्रिक वाहकता मोजून स्वराच्या क्षयाचा अंदाज बांधता येतो, असं त्यांनी दाखवलं. गिटारवाले ज्याला 'डेड स्पॉट' म्हणतात, त्यामागे हीच यंत्रणा आहे. म्हणजे ढाचा मुका नाही. पण त्याचं महत्त्व लाकडाच्या नावात नाही, कडकपणा, वस्तुमान आणि अवमंदन यांत आहे. एकाच जातीच्या दोन फळ्याही या बाबतीत वेगळ्या असू शकतात.

मिरज काय सांगते?

आपल्याकडे लगेच कोणी तरी मिरजेचं उदाहरण देतो. "तिथले कारागीर तूण लाकूड आणि भोपळा निवडून घेतात, ते काय वेडे आहेत?" अजिबात नाही. पण सतारीत तबली आणि भोपळा प्रत्यक्ष हवा हलवतात; इलेक्ट्रिक गिटारमध्ये ते काम स्पीकर करतो. यंत्रणा वेगळी, म्हणून पुरावा इकडून तिकडे जसाच्या तसा नेता येत नाही. मात्र एक गोष्ट नेता येते. सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमारास तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास केला. तार जिथे छेडली तिथे निस्पंद असलेले स्वरांश ऐकू यायला नकोत, तरी ते येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. कारण घोडीच्या वक्र पृष्ठभागाला तार घासत राहते; जवारी काढणारा कारागीर हाच पृष्ठभाग घासून जुळवतो. रामन यांनी "लाकूड चांगलं की वाईट" असं विचारलं नाही. तार कुठे टेकते, असं विचारलं.

तुम्ही हा प्रयोग केला तर?

इथे कांजूरमार्गला जुलैत करू नका, किंवा केलात तर आर्द्रता नोंदवा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत लाकूड ओलावा शोषतं. वजन वाढतं, अवमंदन बदलतं, नेक वाकते. लॅकर मारत असाल तर त्यावर पांढरट ढग येतो तो याच दमटपणामुळे. एक गिटार मे महिन्यात आणि दुसरी ऑगस्टमध्ये मोजली, तर तुम्ही ऋतूंची तुलना केलीत. प्रत्येक लाकडाच्या किमान चार-पाच बॉडी घ्या, तीच नेक, तोच पिकअप, तेच अंतर ठेवा. तार हाताने न छेडता बारीक तांब्याची वायर तुटेपर्यंत ओढून सोडा, म्हणजे प्रत्येक वेळी जोर जवळपास सारखा राहील.

हे सगळं कशासाठी? शिसवासह डालबर्जिया वंशातली जवळपास सगळी झाडं 2017 पासून साइट्सच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, झाडं यादीतच आहेत. एखादं लाकूड "आवाजासाठी लागतंच" हे वाक्य जंगलापर्यंत पोहोचतं. म्हणून ते तपासलेलं असावं.

माझं मत: लिल यांचा प्रयोग उत्तर म्हणून अपुरा आहे, पण प्रश्न लहान करण्याचा उत्तम नमुना आहे. लाकडावर खर्च करण्याआधी पिकअपची उंची बदलून पाहा, हा त्यातला सल्ला मला पूर्ण मान्य. "लाकडाने काहीच होत नाही" हे त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "परिणाम नाही" असं लिहाल, तेव्हा पुढच्याच ओळीत लिहा: किती मोठा परिणाम असता तर मला दिसला असता.