माध्यमाची चंचलता आणि लेखनाचे अधिष्ठान

साहित्याच्या माध्यमाचा विचार करताना समीक्षा बहुधा एक गोष्ट गृहीत धरते : माध्यम बदलते ते शतकांच्या गतीने. मौखिकतेकडून हस्तलिखिताकडे आणि हस्तलिखिताकडून मुद्रणाकडे झालेली संक्रमणे दीर्घ होती. पोथी लिहिणाऱ्याच्या हयातीत ‘पोथी’ या वस्तूचे स्वरूप सहसा बदलत नसे. समाजमाध्यमांनी हे गृहीतकच अडचणीत आणले आहे. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस बंद झाले. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये कालानुक्रम सोडून अल्गोरिदमने ठरवलेला क्रम स्वीकारला. ट्विटरची १४० चिन्हांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ मध्ये दुप्पट झाली आणि जुलै २०२३ मध्ये त्याचे नावही ‘एक्स’ झाले. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. (देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त यांची गणना स्वतंत्र होत असल्याने ट्विटरची मूळ मर्यादा मराठी लेखकाला प्रत्यक्षात अधिकच आखूड होती, हा मुद्दा आपल्याकडील चर्चेत क्वचितच येतो.)

ज्या लेखकाचा रूपबंध अशा माध्यमात घडला, त्याच्या लेखनाचे माध्यम बदलल्यावर काय होते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा उपदेशाच्या स्वरूपात दिले जाते. कोणी लेखकाने माध्यमापासून दूर राहावे असे सुचवतो, तर कोणी त्याने माध्यमाबरोबर बदलत राहावे असे सांगतो. दोन्ही सल्ल्यांत लेखकाचे माध्यमाशी असलेले नाते मध्यवर्ती मानले आहे. प्रत्यक्ष संहिता पाहिल्या तर वेगळीच गोष्ट जाणवते. जे लेखन माध्यमाच्या उलथापालथीतही उभे राहते, त्याचे माप माध्यमाने ठरवलेले नसते. ते लेखकाने अन्य कोठून तरी आणलेले असते. ‘अधिष्ठान’ ही संज्ञा येथे या अर्थाने योजली आहे.

नायजेरियन-अमेरिकन लेखक टेजू कोल यांचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. ‘ओपन सिटी’ ही कादंबरी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी त्यांनी ट्विटरवर ‘स्मॉल फेट्स’ ही मालिका सुरू केली आणि ती २०१३ च्या आरंभापर्यंत चालवली. लागोस शहरावरील ग्रंथासाठी नायजेरियातील वृत्तपत्रे चाळताना आढळलेल्या अपघात, चोरी, फसवणूक, प्रेमभंग अशा किरकोळ बातम्यांना त्यांनी एकेका वाक्याचे रूप दिले. वरवर पाहता हे १४० चिन्हांच्या मर्यादेतून जन्मलेले लेखन वाटते. अनेक परीक्षणांनी ते तसेच वाचले आणि त्यामुळे ते चुकीचे वाचले गेले. या वाक्यांचा आदर्श ट्विटरच्या शतकभर आधीचा आहे. पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात फेलिक्स फेनेओँ यांनी १९०६ मध्ये निनावी लिहिलेल्या तीन ओळींच्या बातम्या, फ्रेंच वृत्तपत्रसृष्टीत ज्यांना ‘फे दिव्हेर’ म्हणतात, त्या कोल यांच्यासमोर होत्या. त्या बातम्यांचे ल्यूसी सांत यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००७ मध्ये ग्रंथरूपाने आले होते. फेनेओँ यांच्या वाक्यात घटना अगदी त्रोटक असते. व्याकरणाची रचना अशी असते की मृत्यू वाक्याच्या शेवटी, जवळजवळ बेसावधपणे येतो. कोल यांनी उचलले ते हे वाक्यशिल्प. चिन्हसंख्येची मर्यादा त्या शिल्पाला सोयीची होती, एवढेच.

भारतीय वाचकाला येथे सआदत हसन मंटो यांच्या ‘सियाह हाशिये’ची (१९४८) आठवण होणे अपरिहार्य आहे. फाळणीच्या हिंसेवरील त्या लघुतम कथांतही बातमीचा थंड स्वर आहे, विशेषणांचा संयम आहे, आणि काही कथा तर दोन-तीन ओळींतच संपतात. मंटो आणि कोल यांच्यात प्रत्यक्ष प्रभावाचा धागा दाखवण्याचे कारण नाही. तौलनिक अभ्यासाला महत्त्वाचे आहे ते साधर्म्याचे मूळ : दोघेही वृत्तपत्राच्या भाषेतील निर्विकारपणाच वृत्तपत्राच्या विरोधात वापरतात. वाचकाला किरकोळ वाटणारे मरण त्याच किरकोळ आकारात ठेवून ते त्याला गिळू देत नाहीत. अशा लेखनाला १४० चिन्हांऐवजी २८० मिळाली असती तरी फारसा फरक पडला नसता. वाक्य जेथे थांबायचे तेथेच थांबले असते.

याच लेखकाचा पुढचा प्रयोग मात्र या विवेचनाला छेद देतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये कोल यांनी ‘हाफिज’ ही कथा अनेक परिचितांच्या खात्यांवरून एकेक वाक्य प्रसृत करवून, ती वाक्ये आपल्या खात्यावर क्रमाने पुन्हा प्रसृत करून सांगितली. रस्त्याकडेला छातीत कळ येऊन बसलेला एक माणूस आणि त्याच्याभोवती जमलेले अनोळखी लोक, एवढाच तिचा विषय. वाक्ये वेगवेगळ्या माणसांच्या नावांनी येत असल्यामुळे कथेतील गर्दी आणि कथेचे निवेदन एकरूप होतात. येथे आशय खरोखरच माध्यमाच्या रचनेतून निर्माण झाला आहे. ही कथा सलग छापली तर ती साधी आणि काहीशी क्षीण वाटते. म्हणजे अधिष्ठान आणि टिकाऊपणा या एकच गोष्टी नव्हेत. ‘हाफिज’चे महत्त्व ती प्रसृत होत असताना तिच्या वाचनात होते, आणि त्या वाचनाची साक्ष आज अपुरी आहे. समीक्षेने तिचा विचार लिखित कथेच्या निकषांपेक्षा नाट्यप्रयोगाच्या निकषांवर करणे अधिक न्याय्य ठरेल. कोल यांनी स्वतः जुलै २०१४ मध्ये ट्विटरवरील लेखन थांबवले. ‘ब्लाइंड स्पॉट’ (२०१७) या छायाचित्रे आणि गद्य यांच्या ग्रंथात तोच त्रोटकपणा आणि रस्त्यावरील वस्तूंकडे थबकून पाहण्याची तीच सवय नव्या जागी आढळते.

याच्या तुलनेत रूपी कौर यांच्या कवितेचा विचार थोडक्यात करता येतो. पंजाबात जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या या कवयित्रीचा ‘मिल्क अँड हनी’ हा संग्रह २०१४ मध्ये स्वयंप्रकाशित झाला. इंग्रजी मोठी अक्षरे टाळून केवळ पूर्णविराम वापरण्याच्या आपल्या पद्धतीचा संबंध त्या गुरुमुखी लिपीशी जोडतात. हा दावा हसण्यावारी नेणारी समीक्षा उथळ आहे, कारण स्थलांतरिताने परक्या भाषेत आपल्या लिपीची खूण ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि ती खूण कवितेच्या पृष्ठभागावर राहते. कवितेची लांबी, तिचे एका दृष्टिक्षेपात संपणे, शेवटच्या ओळीत येणारा निष्कर्ष यांचे माप मात्र इन्स्टाग्रामच्या चौकटीचे आहे. लिपी घरची असली तरी लय त्या पडद्याची आहे, आणि नंतरच्या असंख्य अनुकरणांत लिपीची खूण गळून नेमकी ही लयच उरली.

हिंदीतील ‘लप्रेक’, म्हणजे ‘लघु प्रेम कथा’, हा प्रकार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. पत्रकार रवीश कुमार यांनी फेसबुकवर लिहिलेल्या या कथांचा ‘इश्क़ में शहर होना’ हा संग्रह २०१५ मध्ये विक्रम नायक यांच्या रेखाचित्रांसह राजकमल प्रकाशनाच्या ‘सार्थक’ या उपक्रमातून आला. त्यामागोमाग गिरींद्रनाथ झा आणि विनीत कुमार यांचेही लप्रेक संग्रह आले. फेसबुकवर चिन्हसंख्येची तशी कडक मर्यादा नव्हती. म्हणजे लप्रेकचा आखूडपणा माध्यमाने लादलेला नाही. तो प्रेमिकांना शहरात मिळणाऱ्या वेळेचा आणि जागेचा आखूडपणा आहे. बिहारमधून दिल्लीत आलेल्या तरुणाला एकांतासाठी खोली नाही. आहे ती बसमधली जागा, मेट्रोचा डबा, उड्डाणपुलाखालची सावली. दोन थांब्यांमध्ये जेवढे बोलता येईल तेवढीच कथा. दिल्लीतील स्थळनामे येथे नेपथ्य म्हणून येत नाहीत. कोणत्या वस्तीतून कोणत्या वस्तीत जायचे, यावर त्या दोघांची जात, वर्ग आणि धैर्य ठरत असते. हे अधिष्ठान इतके भक्कम आहे की फेसबुक उद्या नाहीसे झाले तरी लप्रेकचे माप शिल्लक राहील. संग्रहात आल्यावर या कथांनी काही गमावलेही. फेसबुकवर त्यांच्याखाली वाचक आपल्या शहरातील, आपल्या भेटींतील जागा सांगू शकत होते. ग्रंथात रेखाचित्रांनी ती रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न केला, पण रेखाचित्र वाचकाला उत्तर देते, त्याच्याकडून घेत नाही. तौलनिक अभ्यासकाने यांतील कोणती संहिता प्रमाण मानावी, हा संहिताचिकित्सेचा प्रश्न हिंदी समीक्षेने अद्याप पुरेसा हाताळलेला दिसत नाही.

मराठीत वेळेचे माप स्वतःकडे ठेवण्याचा जो आग्रह दिसला, तो समाजमाध्यमांच्या फार आधीचा आहे आणि त्याची खूण एका शब्दातच आहे : ‘अनियतकालिक’. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ चक्रमुद्रित करून काढले, तेव्हा अंक केव्हा निघेल याचे उत्तर कविता केव्हा होईल या प्रश्नावर अवलंबून होते. कोलटकर उपजीविकेसाठी जाहिरातक्षेत्रात होते, म्हणजे त्या काळातील सर्वांत चंचल दृश्यमाध्यमात, आणि त्यात त्यांची गणना अग्रगण्य कलावंतांत होत असे. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) आणि ‘भिजकी वही’ (२००३) यांच्यामध्ये सव्वीस वर्षे आहेत. या अंतराला संन्यस्तपणाचे वलय देण्याची मराठी समीक्षेची हौस अनाठायी आहे. जाहिरातीची नजर त्यांच्या कवितेत जागोजागी आहे. फक्त जाहिरातीचे घड्याळ तेथे नाही.

घड्याळ आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात तेव्हा काय होते, हे तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्या बाबतीत दिसले. ‘मादोरुबागन’ (२०१०) ही कादंबरी तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वर मंदिराच्या रथोत्सवाशी निगडित आहे. २०१३ मध्ये अनिरुद्धन वासुदेवन यांचे इंग्रजी भाषांतर आल्यानंतर, २०१४ च्या डिसेंबरात तिच्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. संदर्भापासून तोडलेले मोजके उतारे लोकांत फिरले, आणि बहुसंख्यांनी वाचली ती कादंबरी नव्हे, ते उतारे. जानेवारी २०१५ मध्ये, प्रशासनाने घडवून आणलेल्या बैठकीनंतर, मुरुगन यांनी लेखक पेरुमाळ मुरुगन मरण पावल्याची घोषणा फेसबुकवर केली. यापुढे केवळ शिक्षक पी. मुरुगन जगेल, असा तिचा आशय होता. समाजमाध्यमावरील ही भारतीय साहित्यातील बहुधा सर्वांत परिणामकारक संहिता असावी, आणि ती लेखन थांबवण्याची संहिता आहे, याची नोंद घ्यावी लागते. त्या पोस्टमध्ये लेखकाने स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात केला आहे. जे माध्यम प्रत्येकाकडून सतत ‘मी’ची मागणी करते, तेथे हा व्याकरणातील बदलच मोठा नकार ठरला.

जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि लेखकाने पुन्हा लिहावे असे म्हटले. मधल्या काळातील मौनात त्यांच्याकडून झाल्या त्या कविता, आणि त्यांचा संग्रह त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. ज्याला वाचक नको होता त्याने कादंबरीचे विस्तृत माप सोडून कवितेचे आखूड माप घेतले. आखूडपणा येथे तिसऱ्या कारणाने आला आहे : कोल यांच्याकडे तो परंपरेतून आला, रवीश कुमार यांच्याकडे शहरातून, मुरुगन यांच्याकडे भीतीतून. न्यायालयाचा निर्णय लेखकाला संरक्षण देऊ शकत होता, परंतु माप परत देणे त्याच्या अधिकारातले नव्हते. ते परत आले ‘पूनाची’मध्ये. माणसांविषयी लिहिण्याचे भय वाटते आणि देवांविषयी तर अधिकच, म्हणून निरुपद्रवी प्राणी निवडला, असे मुरुगन यांनी तिच्या प्रस्तावनेत सुचवले आहे. परंतु काळी शेळी निवडल्याबरोबर तिच्यामागे कोंगु प्रदेशाची कोरडवाहू जमीन, चाऱ्याची चिंता, दुष्काळ आणि वृद्ध जोडपे हे सारे आपोआप आले. प्रत्येक नवजात करडाचा कान टोचून त्यावर क्रमांक लावण्यासाठी सरकारी रांगेत ताटकळणारे लोक, आणि त्या रांगेत आवाज खाली ठेवून होणारे त्यांचे बोलणे, हे या कादंबरीतील सर्वांत दाट प्रकरण आहे. त्या रांगेत कोणीही मोठ्याने तक्रार करत नाही. मुरुगन यांचे गद्यही तेथे आवाज चढवत नाही.