योहानाच्या शुभवर्तमानातील ‘होरा’ आणि स्वेच्छासमर्पण

ख्रिस्ती धर्मविचारात येशूच्या मृत्यूविषयी दोन विधाने एकत्र नांदतात. तो मृत्यू पित्याने नेमलेल्या क्षणी घडला, हे एक. आणि येशूने तो स्वेच्छेने पत्करला, हे दुसरे. योहानाच्या शुभवर्तमानात ही दोन्ही विशेष ठळकपणे आढळतात. साहजिकच प्रश्न उद्भवतो की, क्षण जर आधीच ठरलेला, तर समर्पणात स्वेच्छा ती कोणती? अर्न्स्ट केझमान यांनी १९६६ साली या ग्रंथावर घेतलेला आक्षेप याच मर्माशी जाऊन भिडतो. त्यांच्या मते योहानाचा येशू हा पृथ्वीवर संचार करणारा देवच असून, त्याच्या तेजापुढे दुःखभोगाची कथा ग्रंथाला मागाहून जोडल्यासारखी वाटते. या आक्षेपाचे परीक्षण ग्रंथातील शब्दयोजनेवरून करता येते.

नेमलेल्या वेळेसाठी योहानाने मुख्यतः योजलेला ग्रीक शब्द ‘होरा’ हा होय. हाच शब्द संस्कृत ज्योतिषातही आला, आणि ‘त्याचा होरा खरा ठरला’ यासारख्या मराठी प्रयोगांत तो अद्याप वावरतो. योहानाकडे त्याचे दोन उपयोग दिसतात. शोमरोनी स्त्री विहिरीवर येते ती दिवसाच्या सहाव्या तासाला, म्हणजे भर दुपारी. तेथे तो केवळ कालमापनाचा शब्द आहे. परंतु त्याच्याशी ‘माझी’ किंवा ‘त्याची’ हे पद जोडले गेले की त्याचा अर्थ पालटतो. मराठीत असा भेद लिंगानेच दाखविला जातो : ‘माझा वेळ’ खर्च होतो, ‘माझी वेळ’ येते.

सातव्या व आठव्या अध्यायांत लोक येशूला धरू पाहतात, तरी कोणी त्याच्यावर हात टाकीत नाही, कारण त्याची वेळ आलेली नसते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण मराठी वाचकाला येथे सहज आठवेल. मात्र हे साम्य फसवे आहे. म्हणीतील मनुष्य वेळेविषयी अनभिज्ञ असतो व संकट टळल्यावरच तिचा उच्चार करतो. येशूला वेळ ठाऊक आहे, आणि तिच्यासंबंधी तो आप्तांचाही आग्रह मानीत नाही. काना येथील लग्नात आई द्राक्षारस संपल्याचे सुचविते. मंडपांच्या सणापूर्वी भाऊ त्याला यहूदीयात जाण्यास सांगतात. (या दुसऱ्या स्थळी ‘होरा’ऐवजी ‘कैरोस’ हा शब्द आहे.) दोन्ही प्रसंगी तो वेळ न आल्याचे सांगतो आणि नंतर तीच कृती करतो : पाण्याचा द्राक्षारस होतो, सणालाही तो गुप्तपणे जातो. यात वरवर विसंगती दिसते. परंतु ग्रंथकाराला अभिप्रेत असलेला आशय हा की, कृती व्हावी ती दुसऱ्याच्या प्रेरणेने नव्हे. वेळ ही येशूवर बाहेरून लादलेली नियती नाही. पित्याशी असलेल्या त्याच्या संबंधातूनच ती निश्चित होते.

दहाव्या अध्यायातील मेंढपाळाच्या रूपकात समर्पणासाठी ‘तिथेमि’, म्हणजे ‘ठेवणे’, हे क्रियापद येते. मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण ठेवतो, आणि तो परत घेण्याचा अधिकारही त्याचाच असतो. मराठीतील ‘बळी जाणे’ व ‘देह ठेवणे’ यांमधील अंतर येथे उद्बोधक ठरते. जो बळी जातो त्याच्यावर क्रिया घडते. जो देह ठेवतो तो स्वतः कर्ता असतो. तथापि ‘देह ठेवणे’ या प्रयोगात दुसऱ्यासाठी ठेवण्याचे प्रयोजन नाही, परत घेण्याची कल्पनाही नाही. योहानाच्या वाक्यात दोन्ही आहेत. पुढे तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुण्यापूर्वी वस्त्रे काढून ठेवतो व नंतर ती परत घेतो. तेथे हीच दोन क्रियापदे योजिली आहेत. दासाचे ते काम त्यामुळे मृत्यूचे पूर्वरूप ठरते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येशूने आपली वेळ आल्याचे ओळखले, या निवेदनानेच त्या अध्यायाचा आरंभ होतो.

बाराव्या अध्यायात वेळ आल्याचे सांगितल्यानंतर लवकरच येशूचा जीव व्याकूळ होतो, आणि या वेळेपासून सुटका मागावी काय, असा प्रश्न त्याच्या मुखी येतो. गेथशेमाने येथील प्रार्थना योहानाने दिलेली नाही; तिच्यातील व्यथा मात्र येथे उमटली आहे. टाळावेसे वाटण्याची शक्यता असेल तरच संमतीला मोल येते. केझमान यांच्या मताला हे स्थळ जड जाते. त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार मात्र नव्हे. अठराव्या अध्यायात येशूला धरण्यास आलेले लोकच मागे सरून जमिनीवर पडतात, आणि पुढे क्रूस तो स्वतःच वाहतो. पीडेहून प्रभुत्वाचे चित्रण अधिक आहे, हे मान्य करावयास हवे.

इतर तीन शुभवर्तमानांत अखेरचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन आहे. योहानाच्या कालक्रमात मात्र मृत्यू वल्हांडणाच्या पूर्वतयारीच्या दिवशी, मंदिरात कोकरे मारली जात त्या दिवशी, घडतो. कोकराला दिवस कळत नाही, मग संमती कोठून असणार? योहानाने तिथी कोकराची घेतली आणि क्रियापद मेंढपाळाचे. हा दुवा सर्वस्वी शब्दांच्या पुनरुक्तीवर उभा आहे. भाषांतरात ‘होरा’साठी कोठे ‘समय’, कोठे ‘वेळ’, आणि ‘तिथेमि’साठी कोठे ‘देणे’, कोठे ‘उतरविणे’ असे शब्द आले, तर वाक्ये सुबोध होतील, परंतु ग्रंथाचा मूळ युक्तिवाद वाचकाच्या हाती लागणार नाही.